मदत हवी आहे: होंडाचा विभागवार ऑपरेटिंग प्रॉफिट, भागाकार कुठे चुकतोय?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात मला होंडाचे २०२४-२५ चे (३१ मार्च २०२५ ला संपलेलं वर्ष) विभागवार आकडे मांडायचे आहेत. तीन संध्याकाळी त्यांच्यापुढे बसलोय आणि एका जागी गाडं अडलंय.

एकूण ऑपरेटिंग प्रॉफिट (धंद्याचा खर्च वजा करून उरलेला, कर जाण्याआधीचा नफा) १,२१,३४० कोटी येन. त्यात दुचाकींचे ६६,३४० कोटी आणि मोटारींचे फक्त २४,३८० कोटी. उरलेले ३०,६२० कोटी वित्तसेवा आणि 'पॉवर प्रॉडक्ट्स व इतर' या दोन विभागांचे मिळून. त्यातला दुसरा विभाग तोट्यात आहे, म्हणजे एकट्या वित्तसेवेने याहूनही जास्त कमावलेत. गाड्या बनवण्यापेक्षा गाड्यांना कर्ज देण्यात जास्त पैसा? आदल्या वर्षी तर दुचाकी ५५,६२० कोटी आणि मोटारी ५६,०६० कोटी, जवळजवळ बरोबरीत होत्या.

मग मी एक्सेलमध्ये नगामागे नफा काढला. दुचाकी २ कोटी ५ लाख ७० हजार, मोटारी ३७ लाख १६ हजार. उत्तर आलं दुचाकीमागे सुमारे ३२,००० येन आणि मोटारीमागे ६५,०००. एका मोटारीत फक्त दोन दुचाकींइतका नफा? हे मनाला पटत नाही. सूत्र चार वेळा तपासलं, बेरीज-भागाकार बरोबर आहेत.

शिवाय संशोधन आणि मुख्यालयाचा खर्च कोणाच्या माथी जातो, हेही कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

भागाकार बरोबर आहे, भाजक चुकलाय. तुम्ही घेतलेले नग 'ग्रुप' विक्रीचे आहेत. त्यात उपकंपन्यांबरोबर इक्विटी पद्धतीने धरलेल्या (म्हणजे हिशेबात फक्त नफ्यातला आपला वाटा घेतलेल्या) भागीदारीतल्या कंपन्यांचेही नग येतात. चीनमधल्या जीएसी होंडा आणि डोंगफेंग होंडा यांच्या मोटारी त्यात आहेत, इंडोनेशियातल्या अस्त्रा होंडाच्या दुचाकीही आहेत. पण या कंपन्यांच्या नफ्यातला होंडाचा वाटा ऑपरेटिंग प्रॉफिटमध्ये धरतच नाहीत. तो त्या ओळीच्या खाली, वेगळ्या ओळीत येतो. म्हणजे तुमच्या भागाकारात वर त्यांचा नफा नाही आणि खाली भाजकात त्यांचे नग मात्र आहेत. 'एकत्रित' म्हणजे कन्सॉलिडेटेड (फक्त होंडा आणि उपकंपन्यांच्या) नगांचा तक्ता शेजारीच असतो, तो घ्या.

आणि एवढं करूनही मोटारींचं चित्र फार सुधारणार नाही, हे आधीच सांगतो. त्या वर्षी मोटारींची विक्री खरंच घटली होती. चीन त्यात आघाडीवर.

प्रतिसाद २

वित्तसेवेबद्दल. तो विभाग मोटारींपासून तोडून वाचू नका. गिऱ्हाईक हप्त्यावर किंवा लीजवर गाडी घेतं, ते व्याज आणि भाडं वर्षानुवर्षं वित्तसेवेत जमा होतं. बाजारभावापेक्षा कमी व्याजाची योजना काढली, तर त्या सवलतीचा भार गाडीच्या विक्री उत्पन्नातून वजा होतो. म्हणजे एकाच व्यवहारात सूट एका खिशातून जाते आणि व्याज दुसऱ्या खिशात येतं. माझ्या मते हे दोन विभाग एकमेकांखाली लिहून शेजारी बेरीजही दाखवावी, नाहीतर ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

आणखी एक. होंडाच्या वित्तसेवेत कर्जावर दिलेलं व्याज हा धंद्याचा खर्च असतो, तो ऑपरेटिंग प्रॉफिटच्या वरच वजा झालेला असतो. इतर विभागांत वित्तखर्च त्या ओळीखाली जातो. दोन्ही नफे अगदी एका मापाचे नाहीत.

प्रतिसाद ३

सामायिक खर्चाचं उत्तर अहवालातच आहे. सेगमेंटच्या टिपणात लिहिलंय की ज्या खर्चाचा थेट संबंध एका विभागाशी लावता येत नाही, तो सर्वांत वाजवी निकषावर वाटला जातो. निकष कोणता, हे त्या वाक्यात नाही. आयएफआरएस ८ (विभागवार आकडे कसे दाखवायचे याचा आंतरराष्ट्रीय हिशेब-नियम) चा आधारच असा आहे की कंपनीचं व्यवस्थापन स्वतः आकडे ज्या विभागणीत बघतं, तीच विभागणी बाहेर दाखवायची. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा 'मोटार विभाग' याच्याशेजारी ठेवताना जपून. तिथे वित्तसेवा कदाचित वेगळ्या पद्धतीने बसवलेली असेल.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचून अहवाल पुन्हा उघडला. दोन्ही तक्ते एकाच पानावर होते आणि मी तीन दिवस वरचाच बघत होतो.

नगामागे नफ्याचा रकाना काढून टाकला. त्याजागी विक्रीवरचा नफा टक्क्यांत ठेवतोय: दुचाकी १८.३, मोटारी १.७. खरा फरक इथे डोळ्यांत भरतो. चीनमधला वाटा खालच्या ओळीत वेगळ्या रंगाने दाखवेन, मोटारी आणि वित्तसेवेची जोडबेरीजही घेतली आहे.

एकच शंका उरली. 'पॉवर प्रॉडक्ट्स व इतर' मध्ये पाणी उपसायचे पंप, जनरेटर यांच्यासोबत होंडाजेट विमानंही आहेत ना? मग तोटा नक्की कोणाचा?

प्रतिसाद १

हो, विमानं आणि त्यांची इंजिनं त्याच विभागात आहेत आणि तोटा तिकडचाच. त्या विभागाच्या निकालाखाली विमानांचा तोटा वेगळा दिलेला असतो. तो बाजूला काढून बघा, पंप आणि जनरेटर नफ्यात दिसतील.