टॅब टीव्हीवर कसा दाखवायचा? आईबाबा नाशकात आहेत!

प्रेषक: इंदिरानगरची लेक

नमस्कार मंडळी,

इथल्या, ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम यंदाही झूमवर दाखवणार असं कार्यकारिणीनं कळवलंय, म्हणून आधीच विचारते. आईबाबा नाशकात, इंदिरानगरला असतात. गेल्या वर्षी नातवाचं अथर्वशीर्ष ऐकायला दोघं टॅबला नाक लावून बसले होते आणि समोर भिंतीवर ४३ इंची टीव्ही नुसता लटकत होता.

टॅब सॅमसंगचा, टॅब ए मालिकेतला. टीव्ही एलजीचा, स्मार्ट आहे. पण आई फक्त केबलच्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वापरते. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे! भावानं बाजारातून टॅब वायरनं टीव्हीला जोडणारा टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर आणून जोडला, तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे, तुमच्या टीव्हीतच प्रॉब्लेम असेल. बाबा आता नवीन टीव्ही बघायला निघालेत. त्यांना थांबवू का जाऊ देऊ?

---

प्रेषक: लेस्टरचे काका

थांबव, थांबव! टीव्हीला काही झालेलं नाही. अडॅप्टरही बहुधा ठीकच असेल.

टाइप-सी हा पोर्टचा फक्त आकार. त्यातून चित्र बाहेर पडायचं तर आत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते. ती नसेल तर चार्जिंग होतं, पेन ड्राइव्ह चालतो, टीव्हीवर मात्र काही येत नाही. म्हणजे रस्ता डांबरी आहे, पण त्या गावाला एसटी जातच नाही. टॅब ए मालिकेत ही सोय नसते. टॅब एस मालिकेत एस४ पासून पुढे बहुतेकांत असते, सगळ्यांत नाही. ‘एस६ लाइट’ किंवा ‘एस९ एफई’ घेणाऱ्यांनी जपून, नावात एस असला तरी त्यांतून चित्र बाहेर येत नाही. दुकानात हा फरक कोणी सांगत नाही. टॅबच्या स्पेसिफिकेशनमध्ये यूएसबी २.० एवढंच लिहिलं असेल तर वायरचा नाद सोडायचा.

आयपॅडवाल्यांना हे सोपं आहे. टाइप-सीचे आयपॅड साध्या अडॅप्टरनं टीव्हीला लागतात, ॲपलचा जुना लाइटनिंग पोर्ट असणाऱ्यांना ॲपलचा डिजिटल एव्ही अडॅप्टर लागतो. आयपॅडची स्क्रीन टीव्हीइतकी लांबट नसल्यामुळे ती जशीच्या तशी दाखवताना टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते घालवायला सेटिंगमध्ये बोटं घालत बसू नका, बहुतेक आयपॅडवर जात नाहीत.

वायर चालत असती तर मी तीच सांगितली असती. म्हाताऱ्या माणसांना खुपसली की चालू, उपसली की बंद, एवढंच बरं पडतं. आम्हीही त्यातलेच.

---

प्रेषक: सिडकोवाला

काका म्हणतात ते पटलं, पण वायरलेसला एवढं घाबरायचं कारण नाही.

ताई, यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते हमखास एक करतात. एक कास्टिंग, दुसरं मिररिंग. यूट्यूबमध्ये कोपऱ्यातलं ते चौकोन आणि लहरींचं चिन्ह दाबलं की टॅब टीव्हीला फक्त सांगतो, हा व्हिडिओ लाव. मग टीव्ही स्वतःच नेटवरून तो ओढतो. टॅब बंद करून उशाखाली ठेवला तरी कार्यक्रम चालू राहतो. मिररिंगमध्ये टॅबवर जे दिसतंय ते सगळं जसंच्या तसं टीव्हीवर जातं. त्यात टॅबला सतत राबावं लागतं, बॅटरी उतरते आणि चित्र किंचित मागे राहतं.

झूमसाठी मिररिंगच लागेल. टॅबवर वरून पट्टी खाली ओढायची, तिथे ‘स्मार्ट व्ह्यू’ असतं. एलजीच्या टीव्हीत त्यालाच ‘स्क्रीन शेअर’ म्हणतात. आत चालतं ते मिराकास्ट, २०१२ पासूनचं जुनं तंत्र. ते टॅब आणि टीव्हीला थेट जोडतं, राउटर मध्ये लागत नाही. पावसाळ्यात नेट गेलं तरी फोटोंचा अल्बम टीव्हीवर दाखवता येतो.

पंचवटीत माझ्या मावशीकडे टीव्ही स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. तिथे एचडीएमआयमध्ये खोचायची, टीव्हीला स्मार्ट करणारी स्टिक लावली. क्रोमकास्ट हे असंच यंत्र बनवणं गुगलनं २०२४ मध्येच थांबवलं, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुना माल कोणी ‘लेटेस्ट’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि कास्टिंगला टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. एक घरच्या वायफायवर आणि दुसरा पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर दिवसभर शोधलंत तरी टीव्ही सापडणार नाही.

---

प्रेषक: इंदिरानगरची लेक

दादा, समजलं मला. पण हे आईला फोनवर कसं सांगू? ‘वरून पट्टी ओढ’ म्हटलं तर ती टॅबचं कव्हर ओढेल. सध्या मंडळातलं कोणी नाशकात आहे का?

---

प्रेषक: गंगापूर रोडकर (सध्या नाशकात)

मी आहे. काल संध्याकाळी जाऊन आले. काकूंनी कांदेपोहे खाल्ल्याशिवाय टॅबला हात लावू दिला नाही, त्यामुळे काम उशिरा सुरू झालं.

आधी टीव्हीचा रिमोट पिशवीतून काढला. सेल नव्हते, काकांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून दिले. घड्याळ अजून बंदच आहे, तेवढं लक्षात ठेव. होम बटण दाबून स्क्रीन शेअर उघडलं, टॅबवर स्मार्ट व्ह्यूमध्ये टीव्हीचं नाव आलं, टीव्हीनं परवानगी मागितली, ती दिली. झालं. काकांना टीव्हीवर स्वतःच्या टॅबचा वॉलपेपर दिसला तेव्हा ते म्हणाले, “अरे, हा आपला कुत्रा!”

आता अडचणी. मी तिथे बसले असतानाच कुणीतरी सिलिंडर बुक केलेला, त्याचा डिलिव्हरी कोड मोठ्या अक्षरात टीव्हीवर झळकला. नंतर सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टाकीचं भांडण आलं, तेही सगळ्यांनी वाचलं. म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून दिलंय. घरी पाहुणे असताना मिररिंग करणाऱ्यांनी हे आधी लावावं, नंतर नाही. काकांनी मग बँकेचं ॲप उघडून पाहिलं, तर टीव्ही काळा. ते घाबरले. पण त्यात बिघाड नाही, बँकांची ॲप्स मुद्दामच स्क्रीन बाहेर जाऊ देत नाहीत. पैसे भरून बघायच्या सिनेमांच्या ॲप्सचंही बरेचदा तसंच होतं. ते सिनेमे टीव्हीतल्याच ॲपमध्ये बघावेत, आरशात नाही.

झूमची चाचणी घेतली. बाहेरच्या खोलीत राउटर आणि टीव्ही आतल्या खोलीत, त्यामुळे चित्र अडखळत होतं. टॅबला झूम घ्यायचंय आणि तेच टीव्हीला द्यायचंय, दोन्ही हवेतूनच. वायफाय राउटरच्या वेगवान, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतलं आणि टॅब राउटरच्या वाटेतल्या स्टुलावर ठेवला, मग बरं चाललं.

खरा त्रास आवाजाचा. टीव्हीचा आवाज टॅबच्या माइकमध्ये शिरतो आणि तिकडे तुम्हाला तुमचंच बोलणं घुमून ऐकू येतं. म्हणून झूममध्ये काका-काकू म्यूटवर राहतील, बोलायचं असेल तेव्हाच उघडतील. आणि कॅमेरा टॅबवरच असतो हे काकूंच्या पचनी पडत नाहीये. त्या टीव्हीकडे बघून हात हलवतात, त्यामुळे तुम्हाला त्यांचा फक्त कान दिसेल. टॅब टीव्हीच्या खालच्या फळीवर, तोंड सोफ्याकडे करून उभा केला तर नजर बरीचशी जुळते. पण मग राउटरपासून लांब जातो. दोन्ही एकदम जमत नाही. मी फळीच निवडली.

काकूंसाठी कागदावर पायऱ्या लिहून टीव्हीच्या मागे चिकटवल्यात. पहिली पायरी: काळा रिमोट, पांढरा नाही.

---

प्रेषक: मंडळाचे सचिव

सगळं वाचलं. गंगापूर रोडकर ताई, दोघांना नीट लावून दिल्याबद्दल मंडळातर्फे आभार.

एक सुचवतो. नुसतं बघायचं असेल तर मिररिंगची ही सर्कस करायचीच कशाला? यंदा झूमचा कार्यक्रम आपण यूट्यूबवरही लाइव्ह टाकू, फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा. मग भारतातल्या सगळ्या आईबाबांना यूट्यूबवर कास्ट करता येईल, आवाज घुमायचा प्रश्नच नाही. वायफायचं जुळत नसेल तर टीव्हीच्या यूट्यूबमध्ये सेटिंग्जमध्ये टीव्ही कोड मिळतो, तो टॅबच्या यूट्यूबमध्ये टाकला की जोडलं जातं. प्रसारण काही सेकंद मागे असेल, आरतीला टाळ्या वाजवणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

---

प्रेषक: इंदिरानगरची लेक

सचिवकाका, यूट्यूब चालेल, पण अथर्वशीर्षानंतर नातवाशी बोलायला त्यांना झूम हवंच. तेवढी पाच मिनिटं त्यांना झूमवर आधी घ्याल का? इथले पाच म्हणजे तिकडचे साडेनऊ, बाबा दहाला झोपतात.

---

प्रेषक: मंडळाचे सचिव

घेतो. पहिलाच नंबर त्यांचा. काकूंना सांग, काळा रिमोट.

---

प्रेषक: लेस्टरचे काका

आणि तो अडॅप्टर फेकू नको गं. माझा टॅब एस आहे, डिसेंबरमध्ये नाशकात येतोय तेव्हा घेऊन जातो. भावाला पैसे देईन.