अर्डुइनोवर तानपुरा, पण आवाज डासासारखा येतोय

खटपट्या: अर्डुइनोच्या उनो बोर्डवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) तानपुऱ्यासारखं काहीतरी करायचं डोक्यात आहे, सा आणि प एकत्र वाजवायचेत. टोन फंक्शन (सूर वाजवायची तयार कमांड) वापरलं तर एका वेळी एकच सूर वाजतो आणि तोही कसला, चायनीज खेळण्यासारखा किरकिरा. आईने तर विचारलं की गॅसचा अलार्म का वाजतोय 😅 काय चुकतंय?

रेझिस्टरराव: चुकत काही नाही, टोन फक्त स्क्वेअर वेव्हच (चौकोनी लहर, म्हणून किरकिरी) देतो आणि एका वेळी एकाच पिनवर. मोझी लायब्ररी (आवाज बनवायचा तयार कोड) टाक, त्यात सा २४० हर्ट्झ आणि प ३६० असे दोन साइन ऑसिलेटर (गुळगुळीत लहर बनवणारे) घे, दोघांची बेरीज कर आणि आवाज ९ नंबरच्या पिनवरून काढ. पण पिनवरून थेट हेडफोन लावू नकोस हं, ५ व्होल्ट येतात, कान आणि हेडफोन दोन्ही जातील. २७० ओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर असा फिल्टर लाव, साधारण ५.९ किलोहर्ट्झच्या वरचा कचरा कमी होतो, मग अॅम्प्लिफायरला दे.

जुनाखोड: नुसत्या साइनने तानपुरा होणार नाही हो, शिट्टी वाटेल. त्याची खरी मजा जवारीत (तारेच्या त्या झणझणीत) आहे, म्हणजे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) हवेतच. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर, तिच्यात हे हार्मोनिक्स असतात) घेऊन बघा आणि दोन सा किंचित बेसूर ठेवा, २४० आणि २४०.५, दर दोन सेकंदाला लाट येते, म्हणजे आवाज कमी-जास्त होतो.

खटपट्या: आत्ता केलं, लाट येतेय!! आई म्हणाली आता बरं आहे, पण आवाज कमी कर.