पन्हाळा-पावनखिंड वाटेवर लोक मोबाईल कसा वापरतात यावर प्रोजेक्ट करायचाय, कसा करू?

पंचगंगा_घाट
नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरातच एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन (एचसीआय, म्हणजे माणूस मशीन कसं वापरतो त्याचा अभ्यास) घेतलंय, पण एसीत बसून माऊस हलवणाऱ्या माणसाचा नाही, मला डोंगरात चालणाऱ्याचा अभ्यास करायचाय. जुलैत पन्हाळ्यावरनं पावनखिंडीकडं किती पब्लिक चालत जातं तुम्हाला माहितीच आहे, सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन, आणि मसाई पठारावर धुकं उतरलं की सगळे फोन वर धरून रेंज शोधत उभे. माझा प्लॅन असा की ऑफलाईन मॅप असलेलं मराठी ॲप बनवायचं, ट्रेकला आलेल्यांना वापरायला द्यायचं आणि खाली उतरल्यावर गुगल फॉर्म भरून घ्यायचा. कॉलेजातले प्रोजेक्ट गाईड म्हणतात ॲप झालं की झालं. मला मात्र हे रिसर्च वाटंना झालंय. कुणी असलं काम केलंय का, नायतर ट्रेक लीडर असाल तरी सांगा.

सडा_भटक्या
भावा, ॲप नंतर बनव, आधी नुसता चालत ये आणि बघत ये. मी पावसाळ्यात ग्रुप घेऊन जातो त्या वाटेनं. तीसपस्तीस पोरं असली तरी मॅप बघणारा एक नायतर दोन, बाकीचे पुढच्याच्या सॅककडं बघून चालतात. म्हणजे तुझा युजर एकटा माणूस नाही, पूर्ण रांग आहे, आणि रांग तुटली की मागच्यांच्या हातात मॅप असून उपयोग नाही कारण आपण मागं पडलोय हे त्यांना कळलेलंच नसतंय. दुसरं म्हणजे पठारावर ढोरवाटा इतक्या की मॅपवरची एक रेघ आणि पायाखालच्या पाच वाटा, त्यातली खरी कुठली ते कुठलं ॲप सांगणार? वीस मीटरच्या कंटूरचा (सारख्या उंचीच्या रेषांचा) टोपोशीट नकाशा घेतला तरी पठारावर रेषाच नाहीत, सगळं सपाट. आणि हात. एका हातात काठी, दुसरा निसरड्या बांधाला. फोन काढायचा म्हणजे थांबायचं, रेनकोटची चेन उघडायची, पिशवीतनं काढायचा, बोटं पाण्यानं सुरकुतलेली म्हणून फिंगरप्रिंट घेत नाही, टोपीमुळं चेहरा ओळखत नाही, मग ओल्या काचेवर पिन टाकत बसायचं. तोवर मागचे ओरडायला लागतात.

सोल्डर_मास्तर
वरच्या भटक्यानं पिनचं सांगितलं त्याचं कारण देतो, मी हार्डवेअरवाला. आपली टचस्क्रीन कपॅसिटिव्ह, काचेखाली इलेक्ट्रोडची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) बदलते, तेवढंच तिला समजतं. पावसाचं पाणीही तोच बदल करतं, त्यामुळं थेंब पडला की टच झाला म्हणते नायतर पाण्याचा थर बसला की बोट कुठंय तेच कळत नाही. हे सॉफ्टवेअरनं थोडं सावरता येतं, पुरतं नाही. म्हणून पावसातल्या ॲपला आवाजाची बटणं वापरायला दे, ती ओल्या हातानं, न बघता, प्लास्टिकच्या पिशवीतनंसुद्धा दाबता येतात.

जीपीएसबद्दल पण लोकांचा लई गोंधळ. नेट नसलं तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहाकडनं थेट घेतं. पण फोन एरवी उपग्रहांच्या कक्षेची माहिती नेटवरनं पटकन उचलतो, नेट नसलं की ती आकाशातनं घ्यावी लागते आणि तो सिग्नल सेकंदाला फक्त ५० बिट येतो. मोकळ्यावर अर्ध्याएक मिनिटात काम होतं, झाडीत चालताना मधेमधे सिग्नल तुटला की पुन्हा पहिल्यापासनं. त्या वेळात स्क्रीनवर काय दिसतं? जुना निळा ठिपका, अगदी ठामपणे, दोन डोंगर मागं. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा खरा मुद्दा इथंय, मशीनला खात्री नसताना ते माणसाला कसं सांगायचं. बाण पण तसाच, हळू चालताना दिशा होकायंत्राच्या सेन्सरवरनं घेतात आणि कव्हरला मॅग्नेट असला की तो बाण कुठंपण फिरतो.

यूएक्सवाली_शाहूपुरी
तुला रिसर्च वाटत नाही ते बरोबर आहे. उतरल्यावर फॉर्म दिलास तर भिजलेला, भुकेला माणूस सगळीकडं "छान" टिक करून जेवायला पळेल. या विषयावर रीतसर काम झालेलं आहे, ते आधी बघ. सीएचआय ही एचसीआयची मोठी आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स, तिथं २०१६ ला निसर्गात तंत्रज्ञान आड न येता कसं वापरायचं यावर नेचरसीएचआय नावाची वर्कशॉप झाली, आणि २०१८ ला माँट्रियलच्या सीएचआयमध्ये एचसीआय आउटडोअर्स म्हणून. त्यातल्या स्कॉट मॅक्रिकर्ड वगैरे संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेलसारख्या लांब वाटांवर चालणाऱ्यांचाही विचार केलाय.

लॅब की फील्ड हा जुना वाद आहे. २००४ मध्ये डेन्मार्कच्या येस्पर केल्डस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी पेपर लिहिला की फील्डवर जाऊन टेस्ट करायच्या खटाटोपातनं फारसं जास्त काही हाती लागत नाही. त्यावर बरीच वर्षं वाद झाला. पण त्यांची सिस्टीम होती हॉस्पिटलमधल्या नर्सेससाठी, वॉर्डसारखी खोली लॅबमध्ये उभी करता येते. मसाई पठार कुठं उभं करणार? शॉवरखाली फोन धरून टच तपासता येईल तुला, तेवढं कर, स्वस्तात होतंय. धुकं, दमलेले पाय आणि मागनं ओरडणारा ग्रुप नाही आणता येणार.

मोजायचं म्हणशील तर नासा टीएलएक्स सगळे वापरतात, म्हणजे काम करताना किती ताण पडला ते विचारणारा फॉर्म, सहा पट्ट्या असतात, त्यातली एक शारीरिक श्रमाची. चढावर कुणालाही विचार, ती पट्टी वरच जाणार, आणि तो दोष ॲपचा नाही, चढाचा. म्हणून त्याच चढावर फोन न वापरता एकदा आणि वापरून एकदा, असं दोन्ही घे. आणि "मनात काय चाललंय ते बोलत राहा" ही पद्धत चढावर सोडून दे, धाप लागलेला माणूस शिव्याच बोलणार.

जुना_गिर्यारोहक
एक विचारतो, राग मानू नका. डोंगरात फोन पाहिजेच कशाला? इरलं पांघरून शेतावर जाणाऱ्या बाबाला विचारलं तर वाट सांगतोय की.

यूएक्सवाली_शाहूपुरी
काका, राग कसला, नेचरसीएचआयवाल्यांचाही रोख साधारण तिकडंच आहे, यंत्र मधे मधे येऊ नये. पण फोन नको म्हटलं तरी तो खिशात असतोच, मग तो कमीत कमी वेळ बाहेर यावा असं डिझाईन करायला काय हरकत? बर्फातलं उदाहरण घ्या. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र असतं, ४५७ किलोहर्ट्झवर चालतं. आधी नुसता बीप ऐकून दिशा लावायला लागायची, त्याला भरपूर सराव पाहिजे. आता तीन अँटेनावाल्या यंत्रावर एक बाण आणि एक आकडा, बास. हातमोजे घातलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्याहून जास्त काही वाचता येत नाही हे ओळखून केलंय ते.

आंबेवाडीकडचा
आमच्या बाजूला चुकलेली पोरं दरवर्षी येत्यात. कुणी विचारलंय का की त्यास्नी शोधतंय कोण? गावची माणसंच जात्यात. फोन लागला तर पोरगं सांगतंय "झाड हाय, धुकं हाय". आता झाड काय एकच हाय व्हय. तिकडनं लोकेशन पाठवलं तरी हिकडं नेट न्हाई, उघडायचं कशात? तुमच्या ॲपात असं करा की नेट नसताना साध्या मेसेजनं जागा सांगता येईल, आकडे नकोत, जवळच्या वाडीचं नाव आणि तिथनं कुठल्या बाजूला ते. आकडे घिऊन आम्ही काय करू.

सोल्डर_मास्तर
हे एकदम बरोबर बोलला. आणि कुणी सॅटेलाईट मेसेंजर (थेट उपग्रहावरनं मेसेज पाठवायचं यंत्र) सुचवायच्या आधी सांगतो, ते आपल्याकडं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, प्रोजेक्टच्या नादात भलत्या लफड्यात पडशील.

पंचगंगा_घाट
लई भारी, एवढं कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं. मग आता ॲप बाजूला. यंदा पहिल्या फेरीला फक्त रांगेत मागं राहून बघणार, फोन कधी बाहेर येतो, कोण काढतं, किती वेळ थांबायला लागतं. व्हिडिओ काढायचा विचार होता. आणि वाडीच्या नावानं जागा सांगायचं कागदावरच करून बघतो, एकानं फोनवर वर्णन करायचं, गावातल्या माणसानं ओळखायचं.

सडा_भटक्या
व्हिडिओ काढायचा तर निघायच्या आधी पन्हाळ्यावरच सगळ्यांची लेखी परवानगी घे, आणि कॅमेरा छातीला बांध, हातात नको. आणि मागं राहणार म्हणतोस तर सगळ्यात मागं आमचा माणूस असतो, त्याच्या पुढं राहा. त्याच्या मागं गेलास तर तुलाच शोधायला यावं लागेल.