दरवेळी ऱ्होड आयलंडवरच बिल का फाडायचं?

खुराडेवाला: काल कुणीतरी ठोकून दिलं की कोंबड्यांच्या मिश्र कळपात ऱ्होड आयलंड रेड ठेवूच नका, जातच मारकुटी, सिल्की नि ब्रह्मा या जाती ठेवा म्हणजे शांतता. डोकं फिरलं वाचून. माझ्याकडे सहा वर्षं ऱ्होड आयलंड, लेगहॉर्न, कडकनाथ, सिल्की एकत्र आहेत आणि सगळ्यात जास्त टोचते ती अंड्यांवर खुडूक बसलेली सिल्की. आत प्रत्येकीला चार चौरस फूट, बाहेर दहा तरी द्या, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. एकच भांडं ठेवलं की वरचढ कोंबडी त्यावर पहारा करत बसते, मग नावं जातीला.

तुरेवाली: माझ्याकडे अख्खं परस मोकळं आहे हो, तरी माझ्या सिल्कीचं डोकं ऱ्होड आयलंडनेच फोडलं. बऱ्याच सिल्कींच्या कवटीला वर फट असते, एक टोच वर्मी बसली की संपलं. त्यात डोळ्यांवर पिसं, मागून कोण येतंय ते दिसतच नाही. त्या दिवसापासून मी दोन्ही एकत्र ठेवत नाही आणि कुणी शिकवायला येऊ नये.

परसदारी: माद्यांचं सोडा, नरावर कोणी बोलतच नाही. माझा ऱ्होड आयलंडचा नर पिल्लू असल्यापासून मांडीवर वाढवला, मोठा झाल्यावर पोटरीत नखी घुसवली, चालता येईना.

खुराडेवाला: मांडीवर वाढवलात तिथेच घोळ. माणसाची भीती गेली की वयात आल्यावर तो तुम्हाला दुसरा नर समजतो.

परसदारी: काहीतरीच! ब्रह्मा पण तसाच वाढवला, अजून मागे मागे फिरतो. मग हा जातीचाच फरक ना?

तुरेवाली: हेच तर मी म्हणतेय.

खुराडेवाला: एका ब्रह्मावरून? माझ्या शेजारच्यांचा ब्रह्मा पोरांच्या अंगावर धावायचा, शेवटी काढावा लागला. आणि असीलचं काय, झुंजीसाठीच वाढवलेली जात, पण माणसाशी तो गरीब असतो, खार सगळा दुसऱ्या नरावर. मारकुटा म्हणताना कोणाला मारतो ते तरी बघा.

परसदारी: पोटरी माझी फुटली, मी बघितलंय.

नवीन तलंग: भांडू नका ना. मी नवीन तलंगा (तरण्या कोंबड्या) आणल्या की दोन आठवडे जाळीपलीकडे ठेवते, एकमेकींना दिसतात पण चोच पोचत नाही. मग सोडल्या की दोन-चार टोचण्यांत मिटतं. एकटी कधी सोडत नाही, कुठलीही जात असो.

तुरेवाली: जाळीचं पटलं, मी थेट सोडली होती. पण ऱ्होड आयलंड सिल्कीपेक्षा दांडगी हे तुम्ही मान्य करा आधी.

खुराडेवाला: दांडगी आहे, मान्य. मारकुटी नाही म्हणणार. आणि सिल्कीची डोळ्यांवरची पिसं कापा, आजच.