एकाच जाळीघरात जपानी लावा, बटण क्वेल आणि बॉबव्हाइट : मदत हवी आहे

खांडेपारकाठ
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यात कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला 12 × 8 फुटांचे जाळीघर तयार आहे. उंची साडेसहा फूट, वर पत्रे, तीन बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, चौथीला चिऱ्यांची भिंत. खाली माती. आत फक्त झेब्रा फिंच, हे छोटे दाणे खाणारे पक्षी वरच बसतात, म्हणजे जमीन रिकामीच. तिथे जपानी लावे 10 (त्यात नर 3), बटण क्वेल या छोट्या लाव्यांच्या 2 जोड्या आणि मिळाल्यास बॉबव्हाइट या अमेरिकन लाव्याची 1 जोडी सोडायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, सगळे लावेच, एकत्र राहतात. खरेच राहतात का? खाद्य एकच चालेल का? आणि पावसाळ्यात खालच्या मातीचे काय करावे? आगाऊ धन्यवाद.

चिरेखाण
नाही राहत. 16 पक्ष्यांना 96 चौरस फूट म्हणजे प्रत्येकी सहा. जागेची अडचणच नाही. अडचण अशी की तिन्ही जाती जमिनीवरच खातात, जमिनीवरच अंडी घालतात आणि जमिनीवरच भांडतात. उंचीचा उपयोग फिंचना, लाव्यांना नाही.

जपानी लावा दीडशे ग्रॅमच्या आसपास, बटण क्वेल जेमतेम 40 ते 50. जपानी नर समोर येईल त्यावर चढतो, मग ती बटणची मादी का असेना. मानेची पिसे धरतो, कातडी सोलवटते आणि एकदा रक्त दिसले की बाकीचे टोचे मारून तिथेच मारतात. बटणची मादी स्वतः अंडी उबवते, साधारण 16 दिवस. तेवढ्यात जपानी माद्या त्याच आडोशात शिरून अंडी तुडवतात. शिवाय बटण जोडीने राहणारा पक्षी. एका कप्प्यात दोन जोड्या घातल्यात तर त्यांचे नरच एकमेकांना पळवत राहतील.

बॉबव्हाइट तर सोडूनच द्या. विणीचा काळ नसताना थव्याने शांत राहतो, पण जोडी जमली की नर जागा राखायला लागतो आणि लहान लाव्यांचा जीव जातो.

असलेल्या घरात मी असे करीन: आडवी फाळणी घालून 8 × 8 आणि 4 × 8 असे दोन भाग. मोठ्यात फक्त जपानी. 7 माद्यांना एकच नर पुरे, अंडी फक्त खायला हवी असतील तर तोही नको. लहान भागात बटणची एकच जोडी, आणि फिंच तिथेच वर. फाळणीचा खालचा दीड फूट जाळीचा नको, सिमेंट शीटचा किंवा मरीन प्लायचा घ्या. पलीकडचा नर दिसला की जाळीला चोची मारून डोकी फुटतात. त्याच्या वर जाळी चालते.

पाणलोट
चिरेखाणबाबांशी बहुतेक सहमत, पण जपानी आणि बटण कधीच एकत्र राहत नाहीत असे नाही. जपानी नर मुळीच नसेल, झुडपे दाट असतील आणि खाण्यापाण्याची ठिकाणे तीन-चार असतील तर बटणची जोडी निभावते.

चिरेखाण
निभावते, पण वीत नाही. आणि पिल्ले निघालीच तर? बटणचे पिल्लू भुंग्याएवढे असते, जपानी मादी ते टोचते. मग अर्धा इंच जाळीतून बाहेर पडते ते वेगळेच. लहान भागाला खालून एक फूट पाव इंचाची जाळी आतून मारून घ्या. पाण्याचे भांडे उथळ, त्यात खडे किंवा गोट्या भरून, नाहीतर पिल्ले त्यातच बुडतात.

खांडेपारकाठ
बॉबव्हाइट रद्द. छत साडेसहा फूट आहे ते ठीक ना? संध्याकाळी एक बल्ब लावायचाही बेत होता.

पाणलोट
लावा दचकला की सरळ वर उसळतो. छत फूटभरावर असेल तर वेग धरायला वाव मिळत नाही, सहा फुटांच्या वर असेल तर बहुधा पोहोचत नाही. मधल्या उंचीत टाळू फुटते. तुमची उंची बरी, तरी पत्र्याच्या सहा इंच खाली हिरवी शेडनेट थोडी सैल ताणा. मासेमारीचे जुने जाळे स्वस्तात मिळते म्हणून ते लावू नका, पाय आणि माना अडकतात.

बल्ब नको. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या आसपास असतो. दिव्याने तो सोळा तासांवर नेलात तर अंडी वाढतील, पण नरांचा माजही वर्षभर उतरणार नाही. रात्री मांजर किंवा मुंगूस फिरत असेल तर दारापाशी मंद दिवा ठेवा, तेवढाच.

सडा
पावसाळ्याचे मी सांगतो, कारण गोव्यात लावे मरतात ते याच भागात चुकल्यामुळे. मातीची जमीन जून लागला की ओली होते आणि सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. ओल्या विष्ठेत कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी वाढतो. शिवाय लाव्यांत क्लॉस्ट्रिडियम कॉलिनम नावाच्या जंतूने आतड्याला व्रण पडतात, आणि त्याचे बीजाणू मातीत टिकून राहतात. बॉबव्हाइट त्याला सर्वांत आधी बळी पडतो, काल धडधाकट आणि आज मेलेला. एकदा माती बाधली की त्याच जागी नवे पक्षी आणून काही साधत नाही.

म्हणून चिऱ्यांचे दोन थर देऊन जमीन उचला, वर कोबा, आणि पाणी बाहेर जाईल असा उतार. कोब्यावर तीन इंच धुतलेली नदीची रेती. समुद्राची नको, तिच्यात खार असतो, ती हवेतली ओल ओढत राहते, आणि लावे ती टिपतातही. तूस उन्हाळ्यात चालते. पावसात त्याला बुरशी धरते आणि पक्षी तोंड उघडून धापा टाकू लागतात, ही फुफ्फुसातली बुरशी, औषधाने क्वचितच हटते.

झड नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूला ताडपत्री खालून वर गुंडाळता येईल अशी लावा, म्हणजे उघडीप मिळाली की वारा आत येतो. चारी बाजू बंद केल्यात तर अमोनिया साचून डोळे सुजतील. धुळीत लोळायला रेतीचे घमेले पत्र्याच्या मध्यभागाखाली कोरडे ठेवा. लावा दिवसातून एकदा लोळला नाही तर पिसांत उवा होतात.

उंदीर आणि घूस खालून येतात, म्हणून कोब्याबाहेर फूटभर जाळी जमिनीत आडवी पुरून घ्या. अर्ध्या इंचातून साप शिरत नाही असे समजू नका, लहान दिवड शिरते. दाराची फट बघा.

खांडेपारकाठ
नैर्ऋत्येलाच जाळी आहे, बरे झाले सांगितलेत. खाद्याचे राहिले.

पाणलोट
फिंचांचे सांडलेले दाणे खाऊन लावे जगतील, टिकणार नाहीत. अंड्यांच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात (लेयर मॅश) प्रथिने कमी पडतात. मोठ्या लाव्यांना 20 टक्के आणि पिल्लांना 24 ते 28 टक्के हवीत. ब्रॉयलर प्री-स्टार्टर क्रंबल, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचे दाणेदार खाद्य, 22-23 टक्क्यांचे असते, ते मोठ्यांना पुरते. बटणसाठी तेच मिक्सरमधून भरड काढा. कॅल्शियम खाद्यात मिसळू नका, नराला आणि पिल्लांना ते नको असते. तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपले धुऊन, उकळून, वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी घालणारी मादी लागेल तेवढीच खाते.

पोते पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणा. मक्याला वास आला की सरळ फेका, त्यातल्या बुरशीचे विष यकृत खाते. आणि खाद्याच्या भांड्यावर फिंचांची काठी येऊ देऊ नका.

सडा
पक्षी आणण्याआधी एक काम. बटण क्वेल म्हणून विकतात ती निळ्या छातीच्या लाव्याची जात, आपल्या रानातही असते. रानातले लावे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, सड्यावरून (कातळाच्या माळावरून) पकडून आणलेला पक्षी बाळगणे गुन्हा आहे. त्यामुळे बटणसाठी आधी वन खात्याला लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत तो भाग फिंचांनाच राहू दे. जपानी लावे फार्ममधूनच आणि पावतीसकट घ्या.

चिरेखाण
आणल्यावर 30 दिवस वेगळे ठेवा, शक्यतो गावठी कोंबड्यांपासूनही लांब. कोंबड्यांची सर्दी लाव्यांना लागते: एक डोळा सुजतो, नाकातून घाण वास येतो. तसे दिसले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, मनाने औषध पाण्यात टाकू नका. सोडताना सगळ्या माद्या एकाच दिवशी सकाळी सोडा. नर चार-पाच दिवसांनी, म्हणजे घर माद्यांचे झालेले असते आणि तो दबून राहतो. पहिला आठवडा रोज संध्याकाळी टाळू आणि पाठ बघा. पिसे उडालेली दिसली तर नर बाहेर.

खांडेपारकाठ
फाळणी आणि कोबा या आठवड्यात करून घेतो. कोबा सुकेपर्यंत फिंच दुसऱ्या पिंजऱ्यात. ओल्या सिमेंटचा त्यांना त्रास होतो का?

चिरेखाण
होतो. कोबा सात दिवस पाण्यावर ठेवून नंतर आठवडाभर वाळू द्या, दोनदा धुवा, मगच रेती घाला.