पॉप-अप ब्लॉकर चालू, तरी टॅब उघडतात

पॉप-अप ब्लॉकर चालू असूनही जाहिरातींचे टॅब उघडत असतील तर तो व्हायरसच, फॉरमॅट मारा, असा सल्ला कुणी दिला तर तो मला घाईचा वाटतो. ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर फक्त आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवतो. तुम्ही क्लिक केलंत की ती तुमची परवानगी समजली जाते. फुकट मॅच दाखवणाऱ्या साइट्स नेमका याचाच फायदा घेतात: प्ले बटणावर एक पारदर्शक थर असतो, पहिला क्लिक त्यावर पडतो आणि जाहिरातीचा टॅब उघडतो. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलंत तर त्याच्या पॅनेलवर त्या साइटपुरते सगळे पॉप-अप बंद करायचं बटण आहे. ते दाबा, बराच त्रास कमी होतो. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सलाही ते चालतं.

आणि घरातल्या मोठ्यांचे फोन जरूर बघा. माझ्या मावशीच्या फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ असे इशारे सारखे यायचे, ती बिचारी घाबरून फोन बंद ठेवायची. ते पॉप-अप नव्हतेच, कुठल्याशा साइटला ‘अलाऊ’ दाबल्यामुळे येणाऱ्या नोटिफिकेशन्स होत्या. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट्स ब्लॉक केल्या, इशारे थांबले.