कार लीजवर सही झालीय, आता डीलर म्हणतो परत सही करा. मागे हटता येतं का? (गोवा)

म्हापसेकरीण
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. मी म्हापशाला राहते, नोकरी वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमधे. रोज पणजीला बस बदलून जाणं आता पाठीला झेपत नाही म्हणून चवथीच्या आत गाडी घ्यायची ठरवली, आणि लोन डोक्यावर नको म्हणून तीन वर्षांच्या लीजवर. शोरूममधे बसून टॅबवर आधार ओटीपीने सही केली, ५० हजार डिपॉझिट भरलं, महिन्याला २१,५०० कापायचं मँडेट दिलं. गाडी अजून ताब्यात नाही. काल तिथल्या सेल्सच्या मुलाचा फोन, की मॅडम सिस्टीममधे जुना फॉर्मॅट गेला, परत साइन लागेल, फक्त फॉर्मॅलिटी आहे, महिन्याची रक्कम तीच, ओटीपी आला की मला सांगा मी इथून करून टाकतो. मी म्हटलं आधी पीडीएफ पाठव. रात्री जुनी नवी शेजारी उघडून ओळ न ओळ वाचली. रक्कम खरंच तीच आहे. पण वर्षाला २० हजार किलोमीटरची मर्यादा होती ती १५ हजार झालीय, वरच्या प्रत्येक किलोमीटरला ९ रुपये, आणि नोंदणीचं राज्य 'गोवा' होतं तिथे 'महाराष्ट्र' आलंय. फोनवर यातलं एक अक्षर बोलला नाही. मला आता ही गाडीच नकोय, विश्वास उडाला. तर म्हणतात तुम्ही आधीच सही केलीय, मागे हटलात तर डिपॉझिट जप्त आणि वर तीन महिन्यांचं भाडं भरा. खरं आहे का हे? काय करू?

पेडणेवाला
सगळ्यात आधी, ओटीपी कुणालाही सांगू नका. तो ओटीपी म्हणजेच तुमची सही. फोनवर आकडा सांगितला की नव्या कागदावर तुम्ही सही केली असंच धरलं जाणार, मग वाचला नव्हता वगैरे सिद्ध करत बसा. आणि यापुढे फोनवर बोलणं बंद, सगळं ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर.

दोनापावला_७
एवढं टेन्शन कशाला? सही केल्यापासून तीन दिवसांत रद्द करता येतं ना कुठलाही करार? माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणत होता.

मडगावचा_वकील
नाही. तो तीन दिवसांचा नियम अमेरिकेतला, आणि तिथेसुद्धा शोरूममधे जाऊन केलेल्या गाडीच्या व्यवहाराला तो लागत नाही. आपल्याकडे गाडीच्या लीजला असा सरसकट 'विचार बदलला, परत घ्या' म्हणायचा कायदा नाही. त्यामुळे ताई, त्या भरवशावर राहू नका. पण तुमची बाजू दुसऱ्या कारणाने मजबूत आहे.

आधी एक बघा. पहिल्या करारावर लीज कंपनीची सही आहे का? पीडीएफ मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर उघडा, सिग्नेचरचं पॅनल असतं त्यात कुणी कुठल्या तारखेला किती वाजता सही केली ते दिसतं.

फक्त तुमची सही असेल आणि कंपनीने अजून होकार कळवला नसेल तर तो करारच नव्हे, तुम्ही दिलेला प्रस्ताव आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५: समोरच्याचा होकार पाठवला जाईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. कलम ७ सांगतं की होकार जसाच्या तसा हवा. अटी बदलून कागद परत आला तर तो होकार नाही, त्यांचा नवा प्रस्ताव झाला, तो नाकारायला तुम्ही मोकळ्या.

दोघांच्या सह्या असतील तर मात्र करार झाला, तो त्यांनाही बांधतो आणि तुम्हालाही. तो बदलायचा तर दोघांच्या संमतीने, कलम ६२. इथे लोक हमखास घसरतात, त्यांना वाटतं दुसरी सही नाकारली की पहिल्यातून आपोआप सुटलो. तसं होत नाही, पहिला करार उभाच राहतो. म्हणून त्यांना लेखी विचारायचं की जुन्या अटींवर गाडी देताय की नाही. नाही म्हणाले तर करार त्यांनी मोडला, आणि कलम ३९ खाली तो संपवायचा हक्क तुम्हाला मिळतो. मग डिपॉझिट परत मागा, नुकसान झालं असेल तर तेही.

म्हापसेकरीण
थँक्यू दादा, केवढं नीट सांगितलंत. पॅनलमधे बघितलं, माझी सही वेळेसकट आहे, कंपनीच्या जागी नुसतं नाव छापलंय, सही नाही. पण दुसऱ्या दिवशी 'तुमचा अर्ज मंजूर झाला' असा मेसेज आला होता. तो होकार धरतील का?

मडगावचा_वकील
ते तसं म्हणू शकतात. म्हणून मेल असा लिहा की दोन्हीकडून बंद झाला पाहिजे. डीलर आणि लीज कंपनी दोघांना एकाच मेलमधे, साधारण असं: 'अमुक तारखेला मी सही केलेल्या कागदात मर्यादा २० हजार किलोमीटर आणि नोंदणी गोव्यात असं आहे. अमुक तारखेला पाठवलेल्या कागदात हे दोन्ही बदललंय, मला ते मान्य नाही, त्यावर मी सही करणार नाही. पहिल्या कागदावर तुमची सही नाही, त्यामुळे मी माझा प्रस्ताव मागे घेत आहे. करार झालाच होता असं तुमचं म्हणणं असेल तर त्याच अटींवर गाडी देणार का ते सात दिवसांत लेखी कळवा, नाहीतर तुम्ही नकार दिला असं समजून मी तो संपवत आहे.' खाली डिपॉझिटच्या पावतीचा नंबर, आणि दोन्ही पीडीएफ जोडा. एक मात्र समजून घ्या, ते जुन्या अटींवर गाडी देतो म्हणाले आणि करार झाला होता असं ठरलं तर गाडी घ्यावी लागेल. पण मग तुमच्या अटींवर.

आणि जप्तीची धमकी मनावर घेऊ नका. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तेवढा मिळतोच असं नाही, कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, आकडा ही फक्त वरची मर्यादा. इथे तर अटी त्यांनीच बदलल्यात.

पूर्वी_शोरूमात
मी बरीच वर्षं गाड्या विकल्यात, आतून हे कसं होतं ते सांगतो. लीजचं भाडं ठरतं ते तीन वर्षांनी गाडीची किंमत काय उरेल त्यावर, आणि ती किंमत किलोमीटरवर. सेल्सवाला टार्गेटसाठी २० हजार लिहून गिऱ्हाईक पक्कं करतो, कंपनी त्या भाड्यात १५ हजारच मंजूर करते, मग भाडं तेवढंच ठेवून किलोमीटर कापतात, कारण माणूस महिन्याचा आकडा बघतो, बाकी बघत नाही. तुम्ही बघितलंत हे फार बरं झालं.

तुमचा हिशोब करा. म्हापसा ते वेर्णा जाऊन येऊन ७० किलोमीटरच्या आसपास, महिन्याला २२ दिवस म्हणजे १,५४०, वर्षाला साडेअठरा हजार नुसत्या ऑफिसचे. रविवारी माशेल, शिरोडा कुठेही गेलात की २० हजार झालेच. म्हणजे वर ५ हजार, ९ रुपयांनी वर्षाला ४५ हजार, तीन वर्षांत १ लाख ३५ हजार. ही 'फॉर्मॅलिटी'.

आणि डीलरशी भांडून उपयोग नाही, करार लीज कंपनीशी आहे. कराराच्या शेवटी तक्रारीचा ईमेल असतो, तिथे सरळ लिहा. मी स्वतः पाहिलंय की कंपनीला बऱ्याचदा माहीतच नसतं डीलरने गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय.

डिचोलीकर
महाराष्ट्र नोंदणीकडे दुर्लक्ष करू नका, ते किलोमीटरपेक्षाही जड जाईल. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे फॉर्म २७, आणि गोव्याचा रोड टॅक्स. तो कोण भरणार ते नव्या कागदात लिहिलंय का? एनओसीच्या अर्जावर मालक म्हणून ज्याची नोंद त्याची सही लागते, लीजमधे तर लीज कंपनीशिवाय पान हलत नाही. माझ्या बहिणीची बदली कोल्हापूरहून इकडे झाली, तिची स्वतःच्या नावावरची गाडी, तरी नुसत्या एनओसीसाठी किती हेलपाटे.

दोनापावला_७
तोवर बँकेत पैसे नाही ठेवले की मँडेट आपोआप फेल होईल, सोपं.

फोंडा_बँकवाली
कृपया हे करू नका! मँडेट बाउन्स होणं चेक बाउन्स होण्यासारखंच आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा २००७, कलम २५. देणं लागतच नव्हतं हे नंतर सिद्ध होईल, पण नोटीस येणार, बँक चार्जेस लागणार, मनस्ताप होणार तो वेगळाच. आधी वकीलदादांनी सांगितलेला मेल पाठवा, मग त्या मेलची प्रत घेऊन तुमच्या बँकेत मँडेट रद्द करायची विनंती द्या, नेटबँकिंगमधेही सोय असते. मँडेटचा यूएमआरएन नंबर असतो तो टिपून ठेवा आणि रद्द झाल्याचा पुरावा घ्या. कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर मेलमधे लिहून परत मागा.

पेडणेवाला
आणि नाहीच ऐकलं तर १९१५ ला फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रारीचा नंबर मिळाला की बरेच जण तिथेच नरमतात.

मडगावचा_वकील
बरोबर, आधी १९१५. त्यानंतरही अडले तर पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे, तुम्ही म्हापशाच्या म्हणजे तुमच्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, खूप जणींना हे माहीतच नसतं. सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका सध्या.

म्हापसेकरीण
अपडेट देते. मेल जसाच्या तसा पाठवला, मराठीत नाही इंग्रजीत, लीज कंपनीच्या तक्रार ईमेलवर आणि डीलरला. डीलरचे लगेच फोनवर फोन, उचलले नाहीत, लेखी पाठवा एवढंच टाईप केलं. कंपनीचं उत्तर आलं, त्यांच्याकडे अर्ज मुळातच १५ हजार किलोमीटरचा गेला होता, पहिल्या कागदावर त्यांनी सही केलेली नाही आणि करणारही नाहीत, अर्ज बंद करतोय, डिपॉझिट डीलरकडून मिळेल. आता डीलर म्हणतो ५ हजार प्रोसेसिंगचे कापणार. द्यायचे का?

पूर्वी_शोरूमात
पावती काढून बघा त्यावर काय छापलंय.

म्हापसेकरीण
'सिक्युरिटी डिपॉझिट, रिफंडेबल'. प्रोसेसिंगचा उल्लेख कुठेच नाही.

मडगावचा_वकील
मग एक रुपया नाही. पावतीचा फोटो आणि कंपनीचा मेल जोडून पूर्ण रक्कम मागा, तारीख घाला, तारीख उलटली तर १९१५ ला तक्रार नोंदवतेय हेही लिहा.

म्हापसेकरीण
आले! पूर्ण ५० हजार खात्यात. मँडेटही रद्द झालं, बँकेचा मेसेज आलाय. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू, एकटी असते तर त्या फोनवर ओटीपी सांगून बसले असते. आता शेवटचं, गाडी तर लागणारच आहे. दुसऱ्या कंपनीची लीज बघू की लोन?

पूर्वी_शोरूमात
एवढं रनिंग असेल तर लीज नकोच, सरळ लोन घ्या. लीज परवडते ती कमी चालवणाऱ्याला किंवा दोन-तीन वर्षांत गाडी बदलायचीच आहे त्याला. तुमच्या हातात तीन वर्षांनी काहीच उरणार नाही, उलट ओरखड्यांचे आणि जास्तीच्या किलोमीटरचे पैसे मागतील. बजेट कमी असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली जीए नंबरचीच गाडी बघा, आणि पैसे द्यायच्या आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या साईटवर तपासा. बोजा असेल तर विकणाऱ्याकडून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

फोंडा_बँकवाली
लोनला बँकेत या तेव्हा फी, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतं ते लेखी मागा, की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात त्याला, ते द्यायलाच लागतं. आणि मुदतीआधी फेडलं तर किती कापणार तेही त्याच कागदावर बघून घ्या.